पाच ते सात, पार्किंग नंबर अकरा

सोमवार, मे महिन्याचा पहिला आठवडा. संध्याकाळी पाच. इमारतीचं आवार, पार्किंग नंबर अकरा.

हजर: रेवा, वय पाच, माझी. ओम, तीन, तोही माझा. सम्यक, चार, दुसऱ्या मजल्यावरच्या प्रज्ञाचा. जुई, सहा, तिसऱ्या मजल्यावरच्या नितीनची. धारा, साडेचार, पहिल्या मजल्यावरच्या हेतलबेनची. मोठ्यांपैकी नितीन. खुर्ची एक. पाण्याच्या बाटल्या पाच, नावं चिकटवलेल्या. जादा चड्ड्या दोन.

हे पान सहा वर्षांपूर्वीच्या वहीतलं आहे. वही परवा माळ्यावरून खाली काढली, कारण चौथ्या मजल्यावरची अश्विनी दारात येऊन उभी राहिली. कडेवर दीड वर्षाचं पोर, खांद्याला ऑफिसची बॅग, चेहऱ्यावर वाट लागल्याचा भाव. म्हणाली, "ताई, पाळणाघराच्या काकू गावाला चालल्या. अख्खा महिना. आता मी काय करू?"

मी तिला आत घेतलं, पंखा पाचवर केला आणि मला हसू आलं. ती जरा दुखावली. तिला काय माहीत, याच वाक्यावर मी एकदा एक अख्खा उन्हाळा काढलाय.

भांडुपमध्ये मे महिना कसा येतो ते सांगते. डोंगराचा हिरवा रंग आधीच गेलेला असतो. नळाला दुपारी बारा वाजता चहा करण्याइतकं गरम पाणी येतं. आणि पाळणाघराच्या दारावर वहीचा कागद चिकटतो: 'महिनाभर बंद राहील.' काकू कुडाळला जातात. तिकडे त्यांचे आंबे असतात, भाच्यांची लग्नं असतात, पावसाआधी कौलं बघायची असतात. अकरा महिने आमची पोरं धुतलेल्या बाईने बारावा महिना स्वतःसाठी घेतला, यात तक्रार करण्यासारखं काही नाही. मात्र ऑफिसं गावाला जात नाहीत. ती इथेच असतात आणि सकाळी साडेनऊला उघडतात.

मी साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात डिस्पॅच बघते. खोके मोजायचे, चलनावर टिक करायची, ड्रायव्हरची सही घ्यायची, टेम्पो सोडायचा. वीस वर्षं हेच करतेय, त्यामुळे कुठलीही अडचण आली की माझा हात पेनाकडे जातो. त्या मेमध्येही गेला. आम्ही चार घरं हेतलबेनच्या स्वयंपाकघरात बसलो. ती खाखरे भाजत होती. तिचा घरगुती धंदा होता आणि तूप-जिऱ्याचा वास जिन्यात कायमचा मुरलेला होता. नितीन शाळेची व्हॅन चालवायचा. मेमध्ये शाळा बंद, म्हणजे व्हॅन उभी, म्हणजे तो मोकळा. त्याची बायको दवाखान्यात कामाला. प्रज्ञा एका बँकेच्या फोन-विभागात, शिफ्टमध्ये, एकटीच. तिची आई अकोल्याला, आणि नवऱ्याचा विषय तिने काढला नाही म्हणून आम्हीही कधी काढला नाही. अर्ध्या तासात तक्ता तयार झाला. दिवसभर पोरं कुणी बघायची: सोमवार ते बुधवार नितीन, गुरुवार हेतलबेन, शुक्रवारी प्रज्ञाची सुट्टी म्हणून प्रज्ञा, शनिवारी मी. संध्याकाळी सातला पोरं ताब्यात घेऊन पाचही जणांना जेवू कुणी घालायचं, त्याची पाळी वेगळी. बुधवार माझा.

नितीन तक्ता बघून म्हणाला, "वैशूताई, झकास. फक्त एक राहिलं. दिवसभर घरात ठेवलेली पोरं संध्याकाळी सोडायची कुठे?"

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला छोटा वाटेल. ज्यांनी पाच लहान मुलं आणि दोन खोल्या आणि मे महिना हे तिन्ही एकत्र पाहिलंय त्यांना वाटणार नाही. सकाळी अकरापर्यंत सगळं छान असतं. कागद, खडू, कैरीच्या फोडींना तिखट-मीठ. बारानंतर फरशी तापते. आम्ही चादर ओली करून खिडकीला लावायचो. ती वीस मिनिटांत पापडासारखी व्हायची. दुपारी घामोळ्याची पावडर लावलेली पाच पोरं फरशीवर ओळीने आडवी, गालाला मांजरासारखे पांढरे पट्टे. तीन वाजता पहिलं चावणं. चार वाजता दुसरं. साडेचारला माणूस, कितीही प्रेमळ असला तरी, दाराच्या कडीकडे बघायला लागतो. पोरांना संध्याकाळी दोन तास पळायला मिळालं नाही तर तक्ता आठवडाभरही टिकणार नाही, हे आम्हा चौघांना कळत होतं. तक्ता मोडला की कुणाला तरी नोकरी सोडावी लागणार, आणि ती कोण, हेही कळत होतं. प्रज्ञाची रजा संपलेली होती.

बाग सर्वात जवळची रिक्षाने वीस मिनिटं. रस्त्यावर प्रश्नच नाही. आमच्या गल्लीत टँकर मागे मागे येतात. उरलं आवार. आवारात पाटी: 'आवारात मुलांनी खेळू नये. हुकुमावरून.'

हुकूम परबकाकांचा. ते सोसायटीचे सचिव, राहायला तळमजल्यावर, आणि त्यांच्या बैठकीची खिडकी नेमकी आवारात उघडणारी. मी पहिल्या दिवशी गेटपासून मागच्या भिंतीपर्यंत चालून बघितलं. जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकोन आखलेले, प्रत्येकात नंबर. गाड्यांना जागा होती, नावासकट. दोन चौकोनांमधून एक मांजरसुद्धा तिरकं होऊन जात होतं. फक्त अकरा नंबर रिकामा. तो फ्लॅट बंद असायचा, मालक पुण्याला. नितीनने त्यांना तिथल्या तिथे फोन लावला. "साहेब, तुमच्या पार्किंगमध्ये पोरं खेळली तर चालेल का? मे महिन्यापुरती?" पलीकडून आवाज आला, "अरे खेळू देत ना, मला काय!"

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी मुद्दाम लवकर घरी आले, खडू घेतला आणि अकरा नंबरच्या पांढऱ्या चौकोनाच्या आत पाच नावं लिहिली. ठळक, सरळ ओळीत. जुईला वाचता येत होतं. तिने सगळ्यांना वाचून दाखवलं. ओम आपल्या नावावर बसला आणि उठेनाच.

परबकाकांची खिडकी उघडली. "ह्यां काय चल्लाहा? आवार काय मैदान आसा?"

"काका, अकरा नंबरच्या मालकांनी परवानगी दिलीय," मी म्हटलं.

"गाडी लावूची परवानगी आसा ती. पोरां लावूची नाय."

"पोरं गाडीपेक्षा कमी जागा घेतात. आणि तेल सांडत नाहीत."

खिडकी धाडकन बंद झाली. गेटबाहेर टोपली घेऊन बसलेल्या भानूमावशी खदाखदा हसल्या. मावशी कोळीवाड्यातल्या, आमच्या गेटच्या डाव्या अंगाला संध्याकाळी मासळी विकायच्या. त्यांच्या टोपलीतल्या बर्फाचं पाणी गटाराकडे बारीक धारेने वाहायचं, आणि पोरं गेटच्या फटीतून पाय बाहेर काढून त्यात बोटं बुडवायची. त्या महिन्यात आमची सगळी मुलं साबण दोनदा लावूनही बोंबलासारखी वास मारत होती. मावशी म्हणाल्या, "चांगला बोललीस गो बाय. पोरांना काय बरणीत घालून ठेवायची?"

आता एक गोष्ट सरळ सांगते, कारण सांगितली नाही तर परबकाका उगाच खलनायक वाटतील. त्या वर्षी काकींचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. दुपारी त्यांना झोप लागायची ती चार-साडेचारला उतरायची. काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून आमची वेळ पाचची. चार वाजता पोरं दारावर लाथा मारायची तरी आम्ही कडी काढली नाही. चेंडू फक्त स्पंजचा. शिट्टी नाही. हे सगळं मी कागदावर लिहून काकांच्या दाराखालून सरकवलं. उत्तर आलं नाही. पाटीवरची धूळ मात्र पुसली गेली.

तेव्हापासून रोज पाचला काका खिडकी धाडकन लावायचे, आणि पोरं तो आवाज ऐकून जिन्यात ओरडायची, "वाजले पाऽऽच!" घड्याळापेक्षा नेमकं.

त्या दोन तासांचं आता काय काय आठवतं! भिंतीवर चढलेलं पिवळं ऊन, आणि ते एकेक वीट वर सरकलं की पोरांचे आवाजही एकेक पट्टी वर. उलटे घातलेले सँडल. जुईने काढलेलं आगगाडीचं चित्र, जे अकरा नंबरमध्ये मावलं नाही म्हणून बारा नंबरच्या मोटरसायकलच्या चाकाखालून पुढे गेलं. धाराने वाटलेले खाखऱ्याचे तुकडे. ती मोजून द्यायची आणि स्वतःला सर्वात मोठा ठेवायची. नितीन खुर्चीत बसून व्हॅनमध्ये बसल्यासारखा मागे वळून ओरडायचा, "खिडकीतून हात आत!" खिडकी नव्हती, तरी पोरं हात आत घ्यायची. मी साकीनाक्याहून बसमधून उतरून गल्लीत वळले की आधी आवाज यायचा, मग वास, मग पोरं. दिवसभर मोजलेले खोके डोक्यातून उतरायला तेवढं वळण पुरायचं.

आणि तरी चूक माझ्याच हातून झाली. तीही मोजण्यातली.

तिसरा आठवडा, बुधवार. संध्याकाळी खेळताना सम्यकचा चेंडू परबकाकांच्या उघड्या दारातून आत गेला होता आणि काकांनी तो ठेवून घेतला होता. त्यावरून रडारड झाली, मग विसरली गेली. मी सातला पोचले. नितीनने डोकी मोजली. व्हॅनवाल्यांची सवय, गाडी सोडण्याआधी सीटवरची डोकी मोजायची. "पाच," तो म्हणाला. मीही मोजली. पाच. वहीत लिहिलं, 'सात वाजता पाच मिळाले', खाली सही केली. उन्हाळ्यात सगळ्या मुलग्यांची डोकी मशीन मारून सारखी केलेली असतात, पाठीमागून एक काढावा आणि दुसरा ठेवावा. मी पाच डोकी जिन्याने वर नेली, पाच जोड्या हात धुतले, पाच ताटल्या मांडल्या. वरण-भात वाढला. पाचव्या ताटलीतून आवाज आला, "म्हावरा नाय?"

मी वर बघितलं. समोर मांडी घालून एक अनोळखी मुलगा बसला होता. शांतपणे भाताकडे बघत होता.

"तू कोण रे?"

"बंटी. भानूआजीचा." आणि परत, "म्हावरा नाय?"

नग बरोबर आणि माल चुकीचा, असं आमच्या कारखान्यात वर्षातून एकदा होतं. तेव्हा टेम्पो परत बोलवतात. इथे सम्यक नव्हता.

मी नितीनला हाक मारली ती तीन मजले ऐकू गेली असणार. तो गेटकडे धावला, हेतलबेन गच्चीकडे, मी पंपाच्या खोलीकडे. जमिनीखालच्या टाकीचं झाकण लागलेलं होतं. मी ते तरी उघडलं. आत काळं पाणी आणि त्यात वरच्या बल्बचा ठिपका. तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञा. रोज सव्वासातला, तिच्या ब्रेकमध्ये.

"जेवला का गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. 'हो, जेवतोय' एवढं म्हटलं असतं तर पंधरा मिनिटं मिळाली असती. मी म्हटलं, "सम्यक सापडत नाहीये. शोधतोय आम्ही. तू निघ."

तिने खुर्ची मागे ढकलल्याचा आवाज आला. मग, "कधीपासून?"

"माहीत नाही."

कामाला लागल्यापासून मी हे उत्तर कुणाला दिलं नव्हतं. कुठलाही खोका कधी निघाला, कुठल्या गाडीने, कुणाच्या सहीने, मला माहीत असतं. माझ्या शेजारणीचं मूल माझ्या ताब्यातून कधी गेलं ते माहीत नव्हतं. वहीत उलट ते मिळाल्याची माझी सही होती.

गेटवर परबकाका नितीनवर तोंडसुख घेत होते. "सांगितलेलंय मी! हज्जार वेळा सांगितलेलंय!" भानूमावशी टोपली तशीच टाकून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या होत्या. आणि त्या सगळ्या गोंधळात काकांच्याच घराचं दार उघडलं. काकी, गाऊनवर पंचा घेतलेल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ह्यो झील कोणाचो? मघापासून निजलाहा."

बैठकीतल्या दिवाणावर, पंख्याखाली, सम्यक गाढ झोपला होता. चेंडू पोटाशी. तो आपला चेंडू आणायला सरळ आत गेला होता. काकींनी लिमलेटची गोळी दिली, तो बसला, आणि मग आडवा झाला. काका बाहेर आरडाओरडा करत होते त्या सगळ्या वेळात मूल त्यांच्याच उशीवर होतं.

कुणी हसलं नाही तेव्हा. नितीन गेटच्या कठड्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

प्रज्ञा आली ती रिक्षातून उतरून पळतच. सम्यकला उचललं, त्याची मान हुंगली, वर निघून गेली. माझ्याशी एक शब्द नाही. मी रात्रभर तक्ता मनातल्या मनात फाडत होते. गुरुवार हेतलबेनचा, तरी सकाळी साडेसातला दार माझंच वाजलं. सम्यक आंघोळ करून, पावडर लावून, बाटली गळ्यात. मागे प्रज्ञा.

"आजपासून नावं घे," ती म्हणाली. "डोकी नको मोजू."

"प्रज्ञा, तू त्याला..."

"माझ्याकडे दुसरं कुणी असतं ना, तर नसता आणला. तुझ्याकडेही नाहीये. मग? निघते, कालचे राहिलेले तास आज भरून द्यायचेत."

तेव्हापासून नावं. माझ्या वहीत त्या दिवसानंतर आकडा कुठेच नाही, फक्त नावं, आणि प्रत्येक नावाच्या पुढे त्या मुलाने स्वतः दिलेला आवाज. पोरांना तो खेळच झाला. ओम 'हजर' म्हणण्याऐवजी भुंकायचा.

रविवारी सोसायटीची सभा होती, गच्चीवर, सतरंजीवर. काकांनी विषय मांडला: आवारात मुलांना पूर्ण बंदी, दंडासहित. त्यांनी बुधवारची हकिकत सांगितली. खरीच सांगितली, फक्त दिवाणाचा भाग गाळून. लोकांनी माना हलवल्या. मला उभं राहायचं होतं आणि काय बोलायचं ते मी लिहून आणलं होतं, सात मुद्दे. पण उभी राहिल्यावर मी वही उघडली आणि तेच पान वाचलं. "सात वाजता पाच मिळाले. सही माझी. चूक माझी. नितीनची नाही, आवाराची तर नाहीच. दाराला कडी लावून ठेवलेलं मूल हरवत नाही, हे मान्य. तसं मग तिजोरीतलंही हरवत नाही."

"भाषण नको," एक जण म्हणाला.

"भाषण नाही. पाच ते सात. अकरा नंबर. एवढंच मागतोय. दिलं तर बरं. नाही दिलं तर उद्या पाच वाजता मी खुर्ची घेऊन खाली येणारच आहे, दंडाची पावती तिथेच आणून द्या."

नितीन हळूच म्हणाला, "ताई, पावती पाचऐवजी साडेपाचला पाठवायला सांगा, पाचला पोरं शू करतात." तीन-चार जण हसले. काका तापले. "ज्याचां पोर हरवला त्येका विचारा! त्या माउलीक विचारा!"

सगळे प्रज्ञाकडे वळले. ती मागे भिंतीला टेकून बसली होती, सम्यक मांडीवर. ती उठली नाही. "मूल माझं होतं," ती म्हणाली. "तक्रार करायची तर मी करीन. मी करत नाहीये. त्याला काकींनी गोळी दिली, पंखा लावला, त्याबद्दल थँक्यू. आणि त्याचा चेंडू परत मिळाला, त्याबद्दलपण."

दिवाणाची गोष्ट तिथे अशी बाहेर आली. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब केला. पुढच्या सभेत गळक्या गच्चीचा विषय निघाला, त्याच्या पुढच्या सभेत लिफ्टचा. सोसायटीच्या इतिवृत्तात तो विषय आजही तहकूबच आहे. आम्ही त्याचा अर्थ लावला तो असा: नाही म्हटलेलं नाही. आणि खुर्ची खाली नेली. सोमवारी, मंगळवारी, महिना संपेपर्यंत, आणि काकू कुडाळहून फणसाच्या गऱ्यांची पिशवी घेऊन परतल्या तरीही.

मुलं वाढवण्याबद्दल शहाणपण सांगणारी माणसं खूप भेटतात. हात धरून चाला. नजर हटू देऊ नका. स्क्रीन देऊ नका, मैदानी खेळ द्या. मी हे सगळं ऐकून घेते आणि विचारते, मैदान कुठाय? मग ती माणसं दुसऱ्या विषयाकडे वळतात. या शहरात मूल कुणाला नको असतं असं नाही. फक्त त्याने कुठे उभं राहायचं ते कुणी ठरवलेलं नसतं. लिफ्टमध्ये नको, बटणं दाबतं. जिन्यात नको, आवाज घुमतो. गच्चीत नको, कठडा बुटका आहे. आवारात नको, गाडीला ओरखडा येतो. प्रत्येक 'नको' एकेकटं घेतलं तर रास्त असतं. सगळी मिळून एक मूल दिवाणावर मोबाइल धरून बसलेलं असतं, आणि मग त्याच सोसायटीत व्याख्यान होतं, मुलांच्या डोळ्यांवर.

आम्हाला कुणी उदार मनाने काही दिलं नाही आणि आम्ही मागत बसलोही नाही. आम्ही वेळेवर खाली उतरलो, एवढंच केलं. मधले दोन मे महिने आवार सगळ्या जगालाच बंद होतं, तेव्हा पोरं खिडकीतून अकरा नंबरकडे बघत बसायची. आवार उघडलं त्या दिवशी पाच वाजता परबकाकांची खिडकी धाडकन वाजली आणि मला, खरं सांगते, रडू आलं. काकींनी, म्हणे, त्यांना सांगितलं होतं, खिडकी जोरात लावा, पोरांना कळायला हवं.

अश्विनीला मी वही दिली. तिने पानं चाळली, 'जादा चड्ड्या दोन' वाचून हसली. मी तिला तक्ता आखून दिला, वर लाल पेनाने लिहिलं: नावं घ्या. तिने विचारलं, "पण ताई, आता अकरा नंबरमध्ये गाडी असते ना? तो फ्लॅट विकला."

असते. पांढरी, उंच, झाकण घातलेली. म्हणून पोरं आता चौकोनात राहत नाहीत, सगळ्या आवारात असतात. रेवा अकरा वर्षांची झालीय, लांब पायांची, तिच्या मागे सात-आठ लहान पोरं शेपटासारखी. ओम नऊचा. सम्यक दहाचा, अजूनही कुणाच्याही घरात जाऊन झोपतो. रेवाच त्यांची नावं घेते, खेळ ठरवते, भांडणं मिटवते. मी तिला शिकवलेलं नाही. आमच्या हातात रोज वही बघून तिने उचललं असेल.

काल दारात पाकीट आलं. सोसायटीचा शिक्का, नव्या कमिटीची सही. विषय: आवारातील उपद्रव. गाडीच्या बॉनेटवर चेंडूचा डाग, लहान मुलांना एकत्र करून गोंगाट, 'आपली पाल्य कु. रेवा ही यात पुढाकार घेताना आढळली आहे. तरी पाल्यास तातडीने योग्य ती समज द्यावी व तसे लेखी कळवावे.'

मी दोनदा वाचलं. शब्दांत चूक काहीच नव्हती. ती पुढाकार घेतेच. डागाचं मी आजच बघितलं. ओल्या फडक्याने गेला, गाडीमालकांना कळवून आले, ते बरे वाटले. पुढच्या सभेत विषय घ्यावा म्हणून अर्ज लिहिला. सह्यांसाठी कोऱ्या रेघा आखल्या; प्रज्ञाची, नितीनची, हेतलबेनची झाली, अश्विनीची झाली, बाकीच्या उद्या. लहानांनी बॉनेटपासून लांब राहावं म्हणून खडूने रेघ मारायची, तीही मारली. आजच्या यादीतली सगळी कामं झाली, एक सोडून.

'रेवाला समज देणे.'

दुपारपासून ते तिथेच आहे. ती जेवताना समोर होती, तेव्हा राहिलं. वेणी घालताना पाठमोरी होती, तेव्हाही राहिलं. तिने विचारलंसुद्धा, "आई, काय झालं? काही बोलायचंय का?" मी म्हटलं, "पाण्याची बाटली घे. छोट्यांसाठी अजून एक घे."

आत्ता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. खालून नावं ऐकू येतायत, एकामागून एक, तिच्या आवाजात. यादी माझ्यासमोर आहे, पेन उघडं आहे, आणि त्या ओळीपुढे टिक नाही.